कट्ट्याची उंची

मराठी शहरांतील मोकळ्या जागांचा अभ्यास करताना कट्टा सहसा कोणाच्या यादीत येत नाही, कारण तो बाग, मैदान, नदीकाठ किंवा चौक यांपैकी कशातच मोडत नाही आणि तरीही या सगळ्यांच्या कडेला असतोच. ओटा घराचा असतो, पार झाडाचा असतो, बाक बसण्यासाठीच केलेला असतो. कट्टा मात्र मुळात हद्द दाखवणारी ठेंगणी भिंत असते आणि तिच्यावर माणसे बसू लागली की तिला हे नाव मिळते. लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे इमारतींबाहेरची जमीन, पाणी, झाडे आणि माणसांचा वावर यांची एकत्रित रचना करण्याचे शास्त्र, शिकण्यासाठी दादरहून पुण्याला आलेल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पांत हा कट्टा आधी नकळत, मग हट्टाने आणि शेवटी काहीशा संकोचाने येत गेला, आणि त्याचा माग काढला तर शहरातील जागा कागदावर नेमक्या कुठे चुकतात हेही कळते.

दादरची असल्यामुळे कट्टा तिला शिकावा लागला नव्हता. 1925 मध्ये खुले झालेले आणि 1927 पर्यंत माहीम पार्क या नावाने ओळखले जाणारे शिवाजी पार्क हे सुमारे 28 एकरांचे मैदान खेळणाऱ्यांचे आहे, पण त्याच्या भोवतीचा जवळपास 1.17 किलोमीटरचा कट्टा न खेळणाऱ्यांचा आहे. आणि न खेळणारे नेहमीच जास्त असतात. तिचे आजोबा संध्याकाळी तिथे ठरलेल्या जागी, एका पर्जन्यवृक्षाच्या खोडापासून चार हातांवर, मैदानाकडे पाठ करून बसत, कारण त्यांच्या मते क्रिकेटपेक्षा रस्ता पाहण्यासारखा होता. नातीला काखेत धरून वर बसवावे लागे, तिचे पाय अधांतरी राहत आणि चपला हटकून खाली पडत, त्या उचलून देण्याचे काम येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणीतरी कुरकुर न करता करी.

पहिला प्रकल्प पेठेतील एका कोपऱ्यावरच्या चार-पाच गुंठ्यांचा होता. बटर पेपरवर एकावर एक ताव ठेवून तिने जो आराखडा काढला, त्यात एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळे होती, मधोमध कारंजे होते आणि परिघावर सारख्या अंतराने बारा बाक होते. आराखडा म्हणजे जागा थेट वरून, घारीच्या नजरेने, पाहिल्यावर जशी दिसेल तसे तिचे चित्र. आणि घार बसायला येत नाही ही त्या चित्राची मूळ अडचण आहे. परीक्षकांनी वर्तुळांविषयी काहीच न विचारता, कोपऱ्यावरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर आत्ता जी माणसे बसतात ती उद्या कुठे बसणार, एवढेच विचारले. बारा बाकांकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता, कारण ते सगळे कारंज्याकडे तोंड करून होते आणि पायऱ्यांवरची माणसे बसचा थांबा बघत होती.

आराखड्यात कट्टा म्हणजे दोन समांतर रेषा असतात, याहून अधिक काही नाही. त्याची उंची, माथ्याची रुंदी, त्यावर पडणारी सावली, त्याच्या पायथ्याशी साचणारे पाणी हे सारे दिसते ते छेदात, म्हणजे जागा सुरीने उभी कापून बाजूने पाहिल्यासारख्या चित्रात, ज्याला वर्गात सगळे सेक्शन म्हणतात. सबमिशनच्या आदल्या रात्री आराखडा रंगवून झाल्यावर उरलेल्या वेळात छेद उरकायचा, ही बहुतेक विद्यार्थ्यांची रीत. बागा चित्रात देखण्या आणि प्रत्यक्षात ओसाड का होतात याचे निम्मे कारण या रीतीत सापडते, आणि उरलेले निम्मे बहुधा दुपारी कुलूप लावणाऱ्या फाटकांत.

याच सुमारास विल्यम व्हाइट यांचे काम तिच्या वाचनात आले. न्यूयॉर्कमधील इमारतींपुढच्या मोकळ्या चौकांत माणसे कशी वावरतात याचे त्यांनी 1970 च्या दशकात अनेक वर्षे चित्रीकरण केले आणि 1980 मध्ये पुस्तकातून जो निष्कर्ष मांडला, तो ऐकणाऱ्याला हसू यावे इतका साधा होता: जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. मात्र त्यामागची मोजमापे साधी नव्हती. एक फुटापासून तीन फुटांपर्यंतच्या कोणत्याही कडेवर माणसे बसतात आणि कडा 30 इंच रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बसू शकतात, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या निरीक्षणांमुळे 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या बांधकाम नियमांत चौकाच्या दर 30 चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक बंधनकारक झाली. दिवाळीच्या सुटीत विद्यार्थिनी टेप घेऊन दादरच्या कट्ट्यावर गेली तेव्हा या आकड्यांत एक गोष्ट राहून गेल्याचे तिच्या ध्यानात आले. न्यूयॉर्कमधली माणसे पाय खाली सोडून बसत होती. इथल्या कितीतरी बायका चपला खाली काढून, पाय वर घेऊन, मांडी घालून बसल्या होत्या, मध्ये भाजीची पिशवी होती, आणि संदर्भग्रंथातल्या 450 मिलिमीटर रुंदीच्या बाकावर हे मुळीच शक्य नव्हते. मांडीला निदान दोन फूट लागतात. तिच्या वहीत त्या दिवशी उंचीच्या रकान्याशेजारी मांडीचा वेगळा रकाना आला.

पुढच्या प्रकल्पात, एका वसाहतीच्या उद्यानात, तिने अर्थातच अतिरेक केला. जागेवर आधीपासून असलेल्या अकरा झाडांभोवती तिने अकरा पार घातले. पारात भर घालून जमीन उंचावली की झाडाचा बुंधा मातीत गाडला जातो. अन्नपाणी घेणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असल्याने त्यांना हवा मिळेनाशी होते. वड-पिंपळ हे सोसतात, बहुतेक झाडे काही वर्षांत शेंड्याकडून वाळू लागतात. खोडाला भिडवून केलेले काँक्रीट याहून घातक, आणि म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले होते. अकरांपैकी दहा पार खोडून टाकावे लागले. उरलेला पिंपळाचा होता.

नदीकाठचा प्रकल्प मात्र कट्ट्याने जवळजवळ बुडवलाच. महाराष्ट्रात नदीच्या दोन्ही काठांवर दोन पूररेषा आखलेल्या असतात: साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, आणि निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. बसण्याची भिंत म्हणजे बांधकाम नव्हे, असे समजून तिने निळ्या रेषेच्या आत, प्रवाहाला आडवे, एकाखाली एक असे सहा लांब कट्टे काढले. मार्गदर्शक प्राध्यापक मूळचे धारवाडकडचे. त्यांनी तो छेद उलटसुलट करून पाहिला आणि आपल्याकडे झाडाभोवतीच्या चौथऱ्याला कट्टे म्हणतात, पण पाणी अडवणाऱ्या बांधालाही कट्टेच म्हणतात, तेव्हा यातले नेमके कोणते काढले आहे, असे विचारले. ज्या शहराने 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटल्यावर पेठांत शिरलेले पाणी पाहिले, तिथे हा प्रश्न विनोद म्हणून सोडून देता येत नव्हता. सहाही भिंती गेल्या आणि त्यांच्या जागी प्रवाहाला समांतर उतरणारा घाट आला, ज्याच्या पायऱ्या उन्हाळ्यात बसायच्या आणि पावसाळ्यात निमूट पाण्याखाली जायच्या. जुन्या घाटांच्या गवंड्यांनी हे उत्तर कोणत्याही सबमिशनशिवाय शोधून ठेवले होते, हे तिला त्या रात्री थोडे झोंबले.

प्रबंधाच्या वेळी तिने आकड्यांचा प्रश्न उचलला. शहरनियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार दरडोई 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी अशी अपेक्षा आहे, आणि मुंबई तिच्या आसपासही नाही. हा हिशेब क्षेत्रफळाचा आहे. कट्ट्याचा हिशेब ठेकेदाराच्या दरपत्रकात ‘रनिंग मीटर’मध्ये, म्हणजे नुसत्या लांबीने, होतो. माणशी दोन फूट धरले तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, वाटांसाठी सोडलेल्या फटी वगळण्यापूर्वी, एकोणीसशे माणसे एका वेळी बसू शकतात आणि त्यासाठी मैदानाची एक टक्काही जमीन लागत नाही. क्षेत्रफळाची तूट लांबीने भरून निघत नाही, हे परीक्षकांचे म्हणणे बरोबरच होते. पण जिथे एक गुंठाही नव्याने मिळणार नाही अशा वस्त्यांत कडा तेवढ्या आपल्या हातात राहतात, हे तिचे म्हणणेही खोडता येण्यासारखे नव्हते.

पदवीनंतरच्या नोकरीत तिच्या हातून प्रत्यक्ष बांधून झालेला पहिला कट्टा एका लहान उद्यानाच्या रस्त्याकडच्या बाजूला आहे. उंची 450 मिलिमीटर, रुंदी 600. माथ्याला पावसाचे पाणी ओघळून जावे इतका हलका ढाळ. वर कडप्प्याऐवजी शहाबादी फरशी, कारण काळा कडप्पा उन्हात चटके देतो. आणि पश्चिमेला करंजाची रांग. चार वर्षांनी ती पुन्हा तिथे गेली तेव्हा करंज कट्ट्यावर सावली धरू लागले होते, फरशीची कड बसून बसून गुळगुळीत झाली होती, आणि टेपवर उंची 370 भरली. कट्टा खचला नव्हता. जुना थर न खरवडता रस्त्यावर दोनदा डांबर ओतले गेले होते. गुडघे धरून उठणाऱ्या एका आजींना नातवाने हात दिला, आणि तो नातू बसला तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकले.

पुढच्या कामाच्या छेदात तिने रस्त्याकडची उंची 520 लिहिली. तपासून परत आलेल्या प्रतीवर तो आकडा लाल शाईने खोडलेला होता, शेजारी 450 लिहिले होते, आणि खाली प्रमाणित उंचीप्रमाणे दुरुस्त करावे असा शेरा होता. तिने 450 तसेच राहू दिले आणि पाया 70 मिलिमीटर वर घेतला.