उद्यमनगरातला क्रँक

कोल्हापूरला येणारा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो, पन्हाळा पाहतो आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारून परततो. शिवाजी उद्यमनगराकडे वळणारा विरळाच. वळलाच, तर त्याच्या हातात बहुधा काहीतरी बिघडलेले असते!

पंचगंगेचे पाणी उसाला चढवण्यासाठी शेतकऱ्यांना ऑइल इंजिने लागत. ती दुरुस्त करता करता इथले कारागीर स्वत:च इंजिने घडवू लागले. मोठे कारखाने पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत वाढले. तरी उद्यमनगराच्या बोळांतून लेथची घरघर आणि जळक्या तेलाचा वास काही हटलेला नाही.

अशाच एका बोळात, एका शेडच्या उंबऱ्याशी, विशीतला एक तरुण उभा होता. हातातल्या पिशवीत त्याच्या यामाहा आरएक्स १०० चा क्रँक. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली ही हलकी टू-स्ट्रोक गाडी आजही तरुणांचा जीव की प्राण. याची तर वडिलांनी वापरलेली. पुढचे मडगार्ड काढून, खाचांचे टायर चढवून तो ती मातीच्या ट्रॅकवर पळवी. रविवारी शर्यत होती आणि इंजिन खडखडू लागले होते.

पिस्टनच्या वर-खाली धावण्याचे गोल फिरण्यात रूपांतर करतो तो क्रँक. या गाडीचे इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सव्वाशे! टू-स्ट्रोकमध्ये क्रँकला तेलाची वेगळी आंघोळ नसते. पेट्रोलच्या वाफेसोबत येईल तेवढ्यावरच त्याची तहान भागते. त्यात मातीच्या ट्रॅकची धूळ फिल्टरमधून आत शिरली, की बेअरिंगचे दिवस भरले.

मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉड चिमटीत धरून हलवला. बाजूला थोडा हलला तर चालते. वर-खाली हलता कामा नये. हा हलत होता. पण त्यांची नजर दुसरीकडेच खिळली. पिनेच्या टोकाशी वेल्डिंगचा डाग होता.

ऑइल इंजिनचा क्रँक सहसा एकसंध असतो. झिजला, तर तासून बारीक करायचा आणि त्या मापाचे बेअरिंग घालायचे. हा क्रँक मात्र जोडीव. दोन पोलादी चकत्या आणि त्यांच्यात दाबून बसवलेली पिन. ना नट, ना खीळ. पीन भोकापेक्षा केसभर जाड, त्या आवळण्यावरच सारा भार. भोक एकदा सैल झाले, की नवी पिन घालूनही उपयोग नाही. मागे कुणीतरी वेल्डिंगने वेळ मारून नेली होती.

“मामा, परत वेल्ड करून द्या की. रविवारपुरतं.”

“आरं, शर्यत फुडल्या वर्सी बी हाय. क्रँक अडकला, मागचं चाक जाम झालं, मग तू असशील का?”

पोरगा गप्प झाला. नवा क्रँक बाजारात मिळतो, पण अस्सल मिळणे कठीण आणि नकलेचा भरवसा कोण देणार? अखेर मिस्त्रींनीच भंगारवाल्याकडून दुसरा एक जुना क्रँक आणवला. त्याची पिन गेलेली, पण भोके मापात.

प्रेसवर जुनी पिन निघाली. नवी पिन, नवा रॉड, सुईसारख्या रोलरांचे बेअरिंग आणि वॉशर बसले. हे काम अर्ध्या तासाचे. खरी परीक्षा त्यानंतर! क्रँक दोन टोकांवर टांगून हळूहळू फिरवतात आणि दोन्ही बाजूंना डायल लावून त्याची वाकडी चाल मोजतात. ०.०३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. डोक्याचा केससुद्धा याहून जाड. सुई नाचली, की मिस्त्री चकतीवर तांब्याच्या हातोड्याचा एक ठोका देत आणि पुन्हा फिरवून पाहत. एक ठोका जादा पडला, की दुसऱ्या बाजूने परत आणायचे. पाऊण तास हेच चालले होते. शेजारच्या शेडमधून आलेला चहा केव्हाच गार झाला.

तरुणाला रुखरुख एकच होती: वडिलांच्या गाडीतला मूळ क्रँक गेला. मिस्त्रींनी समजावले, इंजिनचा नंबर केसवर असतो, क्रँकवर नव्हे. गाडी तीच.

रविवारची शर्यत हुकली. मंगळवारी इंजिन जोडून झाले. दुसऱ्याच किकला ते बोलले. मिस्त्रींनी लांब पान्याचे एक टोक केसला आणि दुसरे कानाला लावले, डोळे मिटले. खडखड नव्हती.

“पयल्या दोन टाक्या सावकास. आन् ट्रॅकवरनं आलास, की फिल्टर धुवायचा.”

पोराने मान डोलावली आणि गाडी हळूच बोळाबाहेर काढली. तोवर पुढचा गिऱ्हाईक, पोत्यात गुंडाळलेला पंपाचा शाफ्ट घेऊन, उंबऱ्यात येऊन उभा राहिला होता.