कैरोच्या पाट्या आणि तीन अक्षरांची किल्ली

कैरो शहराच्या मध्यभागी अताबा हा सदा गजबजलेला चौक आहे. अरबीत अताबा म्हणजे उंबरठा. जवळच अझबकियाचा जुन्या पुस्तकांचा बाजार आहे, तर पूर्वेकडे गेले की इ.स. ९७० मध्ये पायाभरणी झालेली अल-अझहर मशीद लागते. पण नव्यानेच अरबी शिकू लागलेला प्रवासी या उंबरठ्यावरच अडखळतो. मुळाक्षरे पाठ झालेली असतात, तरी पाट्या काही वाचता येत नाहीत, कारण अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. पुस्तकाच्या दुकानावरचा शब्द ‘म’ने सुरू होतो म्हणून कोश उघडावा, तर ‘म’च्या पानांवर त्याचा पत्ता नसतो!

तो शब्द असतो ‘क’च्या घरात. अरबीतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून घडतात आणि अनेक कोश या मुळांप्रमाणेच लावलेले असतात. क-त-ब हे मूळ लिहिण्याचे. त्यापासून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतूब म्हणजे लिहिलेले, मकतब म्हणजे कार्यालय आणि मकतबा म्हणजे ग्रंथालय किंवा पुस्तकांचे दुकान. सोऱ्यात बेसन तेच असते. चकती बदलली की कधी शेव पडते, कधी पापडी. तसेच हे आहे. मूळ म्हणजे पीठ आणि स्वरांचा साचा म्हणजे चकती.

एकदा हे उमगले की रस्ता बोलू लागतो. मुळाआधी ‘म’ आला की तो पुष्कळदा जागा दाखवतो. द-र-स म्हणजे शिकणे, म्हणून मदरसा म्हणजे शाळा. त-ब-ख म्हणजे रांधणे, म्हणून मतबख म्हणजे स्वयंपाकघर. स-ज-द म्हणजे माथा टेकणे, त्यापासून मसजिद. कैरोत ‘ज’चा ‘ग’ होतो, म्हणून तिथे कानावर येते ‘मसगिद’. मात्र साच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. मकतूबमध्येही ‘म’ आहे, पण ती जागा नव्हे. साचा अंदाज देतो, नेमका अर्थ शेवटी वापरातूनच शिकावा लागतो.

मराठी माणसाला तर ही वाट अर्धी चाललेलीच असते. हासिल, महसूल आणि तहसील हे तिन्ही शब्द ह-स-ल या एकाच मुळाचे. फारसीच्या हाताला धरून ते आपल्याकडे आले आणि सातबाऱ्याच्या कागदांत मुरले. हासिल हा कातिबच्या साच्यातला, महसूल हा मकतूबच्या. अरबीत महसूल म्हणजे शेतातून हाती आलेले पीक, आपल्याकडे त्याचा सरकारी सारा झाला. नजर आणि मंजूर हीसुद्धा अशीच सख्खी भावंडे.

बसऱ्याच्या खलील इब्न अहमद या पंडिताने आठव्या शतकात अरबीचा पहिला कोश रचायला घेतला, तोही मुळांच्याच आधारे. नवशिक्याने पाठांतराची वही बाजूला ठेवून तीच वाट धरावी. सुटा शब्द विसरतो. घराणे ओळखीचे झाले की त्यातला प्रत्येक जण लक्षात राहतो. मग अताब्याच्या चौकात ‘म’ने सुरू होणारी ती पाटी दिसली, की प्रवासी कोश न उघडता सरळ दुकानात शिरतो.