बाहेरच्यांचे जुन्नर

इतिहासाच्या तासाला सरांनी युरोपचा नकाशा फळ्यावर टांगला आणि ऱ्हाइन नदीकाठच्या स्ट्रासबर्ग या शहरावर पट्टी टेकवली. १६८१ मध्ये ते चौदाव्या लुईने घेतले. १८७१ मध्ये ते जर्मनीकडे गेले, १९१८ मध्ये पुन्हा फ्रान्सकडे आले, १९४० मध्ये हिटलरकडे गेले आणि १९४४ मध्ये परत फ्रान्सकडे. "एखाद्या म्हाताऱ्याने आपल्या घराचा उंबरठा न ओलांडता चार वेळा देश बदलला असेल," असे सर म्हणाले तेव्हा वर्ग हसला. मग त्यांनी विचारले, "आपल्याकडे असे सीमेवरचे, सरमिसळीचे शहर कोणते?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "बेळगाव." उत्तर बरोबरच होते. माझ्या मनात मात्र जुन्नर आले. कळंबहून नारायणगावला उतरून दुसरी एस.टी. पकडली की जे येते, ते आपले जुन्नर.

जुन्नरच्या बाजूने कुठल्या दोन राष्ट्रांची सीमा जात नाही हे मला माहीत आहे. पण त्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची भिंत आहे आणि त्या भिंतीला नाणेघाट नावाचे दार आहे. दाराखाली कोकण, कल्याण-सोपाऱ्याची बंदरे आणि पुढे समुद्र. दाराच्या अलीकडे देश, पैठण, तेर. घाट चढून दमलेला माणूस आणि दमलेला बैल जिथे प्रथम निवांत टेकणार, ते जुन्नर. घाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे त्यात जकातीची नाणी पडत, असे सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई आणि किती कार्षापण दिले, याचा तो भलामोठा हिशेब आहे. राजघराण्याचा लेख म्हटला तरी मला तो घाटावरच्या वाण्याच्या वहीसारखा वाटतो.

आमच्या आजीच्या मते जुन्नरच्या डोंगरांतली सगळी लेणी पांडवांनी केली. "येका रातीत कोरली, अन् कोंबडा आरवला म्हनून ऱ्हायली," असे ती अजूनही ठामपणे सांगते. आजीशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री आणि मानमोडी या चार डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या कित्येक भिंतींवर ती कुणी दिली हे ब्राह्मी अक्षरांत लिहून ठेवले आहे. तिथे भीम-अर्जुन नाहीत. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, तिने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूचे काम करणारे आहेत, कासार आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह देणारा सुलसदत्त कल्याणचा, एका हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा किंवा खजिनदाराचा मुलगा. भरुकच्छ म्हणजे भडोच, तिथल्या बुद्धमित्र आणि बुद्धरक्षित या दोघा भावांनी दोन खोल्या खोदून दिल्या. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने मंडप आणि टाके दिले. आडुथुम नावाच्या शकाने शेतजमीन दिली आणि तिच्या उत्पन्नातून करंजाची व वडाची झाडे लावावीत अशी व्यवस्था केली. परक्या मुलखातून आलेला माणूस आपल्या मातीत करंज लावायला जमीन देतो, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

आणि यवन! आपल्याकडे पुढे 'यवन' हा शब्द निराळ्या अर्थाने, बहुतेक रागानेच वापरला गेला. पण त्या काळी यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेकडून आलेला त्यांच्यासारखा माणूस. जुन्नरच्या लेखांत असे तिघे भेटतात : इरिल, चिट आणि चंद. चंदाने लेण्याचा दर्शनी भाग दिला. चिटाने भोजनमंडप दिला. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली. युरोपातले शहर शोधायला आम्ही फळ्यावरच्या नकाशात डोके घालत होतो. त्या बाजूची माणसे मात्र अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी इथे येऊन, भिक्षूंच्या जेवणाची आणि पाण्याची सोय करून गेली होती.

हे सारे गोडच होते असे मात्र समजू नका. पंधराव्या शतकात रशियातील त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी चौलला उतरून जुन्नरला आला. त्याच्याजवळ विकायला आणलेला एक घोडा होता. बहामनी राज्याचा इथला अधिकारी असदखान याने तो घोडा काढून घेतला आणि आमचा धर्म स्वीकार, म्हणजे घोडाही मिळेल आणि वर हजार मोहरा मिळतील, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. बिचाऱ्या निकितिनचे दैव बलवत्तर. मुदत संपायच्या आत एका खोरासानी खोजाने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. त्याने लिहून ठेवले आहे की जुन्नरला चार महिने चिखल असतो, आणि इथे घोड्यांना हरभरे व साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात. चिखलाचे आजही पटते. खिचडीचे ऐकून आमच्या गोठ्यातल्या बैलांना काय वाटेल, कोण जाणे!

पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने इथूनच स्वतंत्र निजामशाही उभी केली. त्याचा बाप मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. म्हणजे निजामशाहीचे पहिले तख्त जुन्नरचे, आणि अहमदनगर त्याच्या नंतरचे. अहमदनगर पडल्यावर पुन्हा काही वर्षे जुन्नर राजधानी झाले, ते मलिक अंबरमुळे. तो इथिओपियातला हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. जुन्नरजवळच्या हापूसबागेचा आंब्याशी संबंध नसून ती मूळची 'हबशीबाग', असे म्हणतात. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, हे कुणाला सांगायला नको. पण त्यांच्या हयातीत शिवनेरी स्वराज्यात आली नाही, आणि १६५७ मध्ये त्यांनी लुटलेल्या मोगली ठाण्यांत खुद्द जुन्नर होते, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. १६७५ च्या सुमाराला मोगली सुभेदाराने मुंबईहून फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर आपल्या आजारी बेगमेसाठी बोलावला. पडद्याआडून आधी एका धडधाकट बाईचा हात त्याच्या हातात देऊन त्याची परीक्षा घेण्यात आली. तो पास झाला.

याच सतराव्या शतकात महादेव कोळ्यांनी बंड केले, तेव्हा त्यांना पकडून शिवनेरीवर त्यांची मुंडकी उडवण्यात आली. तो कोळी चौथरा गडावर आजही दाखवतात. नाणेघाटाच्या अंगाखांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी ही माणसे. बाहेरून आलेल्यांची नावे दगडावर आहेत, कागदावर आहेत. जुन्नरी कागद तर प्रसिद्धच होता, इथल्या कागदींनी बनवलेल्या कागदावर पेशव्यांच्या दफ्तरातले हिशेब लिहिले गेले. पण घाटातून ओझी वाहणाऱ्यांचे आणि सुलसदत्ताचे चैत्यगृह छिन्नीने प्रत्यक्ष कोरणाऱ्यांचे नाव मी कुठल्याच यादीत वाचले नाही. आमच्या घराण्यात कागदावर नाव लिहू शकणारी मी पहिली. म्हणून असेल, यादी दिसली की मी आधी कोण राहून गेले ते बघते.

आता राजधानी नाही आणि तांडेही नाहीत. जगाची ये-जा निराळ्या वाटेने होते. खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. तशा तीस तबकड्यांची महादुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांनी या भागात उभी केली, आणि देशोदेशीचे शास्त्रज्ञ तिच्यातून आकाश ऐकतात. आणि नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की निराळ्या जिल्ह्यांतून, निराळी बोली बोलणारी मजूर कुटुंबे आमच्याकडे येतात. बांधाला पाले पडतात. आम्ही त्यांना नावाने हाक मारत नाही, 'बाहेरचे' म्हणतो. कुणाची मोटार चोरीला गेली की पहिले बोट त्यांच्याकडे जाते. गेल्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या काहींनी त्यांच्या बायकांना नळावर हंडे भरू दिले नाहीत. "आधी गावाचं भरू द्या, मग बाहेरच्यांचं," असे म्हणून त्यांना दुपारपर्यंत उन्हात उभे केले. त्या रांगेत माझ्याच वयाची एक मुलगी होती, कडेवर मूल. मी कॉलेजच्या एस.टी.ची वाट बघत होते. तिने माझ्या हातातल्या पुस्तकांकडे बघितले आणि मान फिरवली.

त्या रात्री जेवताना मी दादांना इरिलाची गोष्ट सांगितली. दादा चौथीपर्यंत शिकलेले. सनावळ्यांत त्यांना रस नाही, पण विहिरीच्या गोष्टी ते कान देऊन ऐकतात. म्हटले, "दादा, हा मानूस पार समुद्रापल्याडचा. ना जातीचा, ना गावचा. त्यानं हितं डोंगरात पान्याची दोन टाकी खोदून दिली."

दादांनी भाकरीचा तुकडा मोडला. "कुनासाठी?"

"भिक्षूंसाठी. आनि वाटंनं येनाऱ्या-जानाऱ्यांनाबी मिळत आसंल."

"उन्हाळ्यात टिकतं का गं पानी त्यात?"

"शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांत तर बारमाही आसतं."

"मग जागा बघून खोदलंय," दादा म्हणाले, आणि आईला म्हणाले, "उद्या पालावरच्या बायांना सांग, हंडे आपल्या हिरीवर भरा म्हनावं. मोटार सकाळी सातला चालू करतो."