एका धावदोऱ्याचे पेटंट

पेटंट हा शब्द आपल्या मराठी घरांत शिरला तो औषधाच्या बाटलीवरून. वैद्यांनी खलात घोटून पुडी बांधून दिली तर ते औषध, आणि दुकानातून सीलबंद बाटली आणली तर ते पेटंट औषध, असा सरळ भेद आमच्या आजीच्या पिढीने करून ठेवला होता. पुढे हा शब्द इतका घरोब्याचा झाला की एखाद्या काकांचा ठरलेला विनोदसुद्धा त्यांचा ‘पेटंट विनोद’ म्हणून ओळखला जाऊ लागला. शासकीय परिभाषेने त्याला ‘एकस्व’ हे सुटसुटीत नाव दिले. ते बिचारे कोशातच राहिले. शब्दाशी एवढी सलगी असूनही त्यामागचा व्यवहार मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या परिचयाचा असतो. तो व्यवहार असा: शोधकाने आपली युक्ती लपवून न ठेवता जगाला उघड करून सांगावी आणि राज्याने तिच्या मोबदल्यात त्याला वीस वर्षे तिच्यावर एकट्याचा हक्क द्यावा. जे सांगितले ते खरोखरच नवे आहे की नाही, हे पाहण्यासाठी मध्ये परीक्षक बसविलेला असतो. गेल्या तीन वर्षांत आम्हांला या परीक्षकाचा सहवास घडला, अर्थात कागदोपत्री.

आमचा भाचा येथे बडोद्यास मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानसा कारखाना चालवितो. विजेच्या मीटरपासून पंख्याच्या रेग्युलेटरपर्यंत हल्ली प्रत्येक वस्तूच्या पोटात छापील मंडलाची एक हिरवी पाटी असते. ती पाटी वस्तूत बसविण्यापूर्वी तपासावी लागते. त्यासाठी एका जाड फळीवर शेकडो टोकदार पिना उभ्या केलेल्या असतात. वरून पाटी दाबली की प्रत्येक पिन नेमून दिलेल्या ठिपक्याला टेकते आणि कोठे जोड सुटला आहे, कोठे दोन वाटा चुकून एक झाल्या आहेत, हे यंत्र क्षणात सांगते. इंग्रजीत या साधनाला खिळ्यांचा बिछाना म्हणतात. आम्हांला ते पाहताक्षणी भीष्मांची शरशय्या आठवली होती. फरक इतकाच की येथील प्रत्येक बाण स्प्रिंगवर बसविलेला असतो. एका बारीक नळीत स्प्रिंग, तीवर सोन्याचा मुलामा दिलेला सरकता दांडा. दाबला की आत जातो, सोडला की वर येतो.

पिना विकत मिळतात. कसब आहे ते त्यांच्या जुळणीत. दोन पिनांमधले अंतर पूर्वी इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर असे. आता ते त्याच्या निम्मेही असते. फळीतील भोक किंचित तिरपे गेले की पिन कलते, तिचे टोक ठिपका चुकते, आणि यंत्र चांगली पाटी वाईट म्हणून बाजूला टाकते. गिऱ्हाईक मग कारखानदाराला धारेवर धरते. भाच्याच्या कारखान्यात यावर एक उपाय निघाला. खालच्या फळीतील भोके मुद्दाम सैल ठेवायची. पिना त्यांत मोकळ्या सोडून उलट्या धरायच्या आणि त्यांची टोके दुसऱ्या एका नमुना-पट्टीवरील शंकूच्या आकाराच्या खळग्यांत उतरवायची. खळगे मूळ पाटीच्याच मापाने पाडलेले असल्यामुळे प्रत्येक टोक आपोआप आपल्या जागी जाऊन बसते. मग मागच्या बाजूने इपॉक्सीचा लेप देऊन पिना पक्क्या करायच्या. सैल भोकांची चूक लेपात बुजून जाते.

ही युक्ती भाच्याला पेटंट घेण्याजोगी वाटली. लहान उद्योगाला सवलत आहे, सोळाशे रुपयांत अर्ज दाखल होतो आणि चार हजारांत परीक्षेची विनंती. गुजरात, मध्य प्रदेश, गोवा आणि महाराष्ट्र यांचा अर्ज मुंबईच्याच कार्यालयात जातो, म्हणजे या एका बाबतीत तरी आपण सारे अजून एका छत्राखाली आहोत. दीड वर्षाने अर्ज कार्यालयाच्या नियतकालिकात छापून आला. ते दर शुक्रवारी निघते, आणि भाच्याने तो शुक्रवार पेढे वाटून साजरा केला. काही महिन्यांनी परीक्षेचा पहिला अहवाल आला तेव्हा मात्र तो कागद घेऊन सरळ आमच्या घरी आला. आमची नोकरी विद्युत्-मापनाच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे असले इंग्रजी वाचण्याचे काम घरात आमच्याकडेच येते.

अहवाल सात पानांचा होता आणि त्यात एकही कठोर शब्द नव्हता. परीक्षकाने एक जुना अमेरिकी दस्तऐवज पुढे ठेवला होता. सिलिकनच्या चकतीवर इलेक्ट्रॉनिक चिपा तयार झाल्या की त्या कापण्यापूर्वी टंगस्टनच्या केसासारख्या बारीक सुया टेकवून तपासतात. त्या सुयांची टोके एका साच्याच्या छिद्रांत बसवायची आणि मग इपॉक्सीने त्यांना सिरॅमिकच्या कड्याला जखडायचे, ही रीत त्या उद्योगात कित्येक दशके रुळलेली आहे. सुया आणि पिना वेगळ्या खऱ्या. पण टोक आधी साच्यात बसवा आणि बूड मागून चिकटवा, हा विचार एकच. त्या कसबातील जाणकाराला ही गोष्ट सहज सुचली असती, सबब तीत शोधाची पायरी नाही, असे परीक्षकाचे म्हणणे. उत्तराला मुदत सहा महिन्यांची.

भाचा संतापला. ‘‘मामा, हा माणूस आयुष्यात कधी कारखान्यात गेला असेल का?’’ गेला नसेलही. परंतु आम्हांस तो अहवाल वाचून त्या अनामिक परीक्षकाविषयी आदरच वाटला. बडोद्याच्या एका शेडमधील पिनांचा संबंध जगाच्या दुसऱ्या टोकाच्या सुयांशी आहे हे ओळखायला नुसता चाणाक्षपणा पुरत नाही, चिकाटीने शोध घ्यावा लागतो.

या देशात पेटंटचा कायदा प्रथम १८५६ साली झाला आणि त्याखालील पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या अभियंत्याने पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला, ही गोष्ट गमतीची म्हणून सांगतात. आम्हांला अधिक जवळची वाटते ती दुसरी हकीकत. १९७० चा कायदा १९७२ मध्ये अंमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात ज्या गोष्टी शोध मानावयाच्या नाहीत त्यांची यादी होती, आणि उत्पादन चालू असताना यंत्र अधिक कार्यक्षम करण्यासाठी किंवा उत्पादनावर नियंत्रण ठेवण्यासाठी योजलेली चाचणीची पद्धत ही त्या यादीत होती. आमच्या उमेदीची सारी वर्षे या कलमाच्या छायेत गेली. प्रयोगशाळेत कोणी कितीही नामी चाचणी बसविली तरी कायद्याच्या लेखी तो शोधच नव्हे! २००२ च्या दुरुस्तीने ते पोटकलम गळले, २० मे २००३ पासून. तोवर आमचे बरेचसे सहकारी निवृत्त झाले होते.

मिर्झापूरच्या भांड्यांचा खटलाही आम्ही भाच्याला समजावून सांगितला. पितळी थाळ्या कातताना पूर्वी त्या लाखेसारख्या लुकणाने कातकामाच्या यंत्राच्या मुखाला चिकटवीत. फिरता फिरता थाळी सुटून उडे आणि कारागिराच्या जिवावर बेते. तेथील एका कारखान्याने १९५१ मध्ये समोरून दाब देऊन थाळी धरून ठेवण्याची रीत काढली, तिचे पेटंट मिळविले आणि दुसऱ्या कारखान्यावर दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १३ डिसेंबर १९७८ रोजी न्यायालयाने पेटंट रद्द ठरविले. समोरून आधार देण्याची युक्ती कातकामात फार जुनी आहे. ती थाळ्यांना लावणे ही कारखान्यातील नेहमीची सुधारणा झाली, शोध नव्हे. निकाल कायद्याला धरून असेल. तरी ज्या कारागिराची बोटे त्या सुधारणेने वाचली त्याला हा भेद कितपत पटला असता, अशी शंका आमच्या मनात आहेच.

उत्तर लिहिण्यासाठी आम्ही अर्जाचे वर्णन पुन्हा बारकाईने वाचू लागलो. नंतर नवे काही घालता येत नाही. मुळात जे लिहिले आहे त्यातूनच हक्काची मागणी आवळून घ्यावी लागते. अकराव्या पानावर एक वाक्य सापडले. लेप एकदम न देता आधी एकाआड एक पिनेला एक एक थेंब लावावा, तो वाळू द्यावा, टोके तपासावी आणि मगच उरलेला लेप भरावा, असे त्यात होते. आम्ही थबकलो. इपॉक्सी घट्ट होताना आकसते आणि पिनांना आपल्याकडे ओढते. एवढासा थेंब फारसा ओढू शकत नाही, आणि मोठा लेप ओढू लागतो तेव्हा पिना आधीच धरलेल्या असतात. अमेरिकी दस्तऐवजात याचा मागमूस नव्हता. जे काही नवे होते ते या एका वाक्यात होते.

‘‘हे तुला सुचले?’’ आम्ही विचारले.

‘‘नाही, ते जुळणीवरच्या ताई तसे करतात. वकिलांनी बघितले आणि लिहून घेतले.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्यात गेलो. या बाई पूर्वी घरी शिवणकाम करीत. आता आठ तास भिंगाखाली मान घालून बसतात. थेंबाची गोष्ट काढताच त्यांना हसू आले. ‘‘काका, ब्लाउजची बाही कोणी एकदम पक्की शिवते का? आधी धावदोरा घालायचा, अंगाला लावून बघायचे, मग टीप मारायची. हे गोंदाचे शिवणच आहे.’’

अर्जावर शोधक म्हणून एकट्या भाच्याचे नाव होते. ते बदलायला हवे असे आम्ही म्हणताच घरात वादळ झाले. पगार मी देतो, अवजारे माझी, जोखीम माझी. आणि उद्या वाटा मागितला तर? त्याचे भय अगदीच निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. कर्जाचे हप्ते त्याच्या मानेवर आहेत. पण मालकी आणि शोध या कायद्याने दोन निरनिराळ्या गोष्टी मानल्या आहेत. अर्जाचा हक्क खऱ्या व प्रथम शोधकाचा, किंवा त्याने ज्याला तो लिहून दिला त्याचा. ते लिहून घेतले नसेल तर मिळालेले पेटंटही पुढे रद्द होऊ शकते. शिवाय अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे शोधक म्हणून नाव नोंदविता येते, ते मात्र पेटंट मिळण्यापूर्वी. आणि त्याच कलमात असेही आहे की नुसत्या नावाने पेटंटमधील कोणताही हक्क मिळत नाही वा जात नाही. हे कलम वाचून भाच्याला धीर आला आणि आम्हांला थोडे वाईट वाटले.

तरीही तो अडून होताच. शेवटी आमची बहीण, म्हणजे त्याची आई, स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘‘माझ्या हातचे लोणचे तुझ्या बायकोने आपले म्हणून पाहुण्यांपुढे ठेवले तर मला चालेल का रे?’’ सूनबाई तेथेच उभ्या होत्या. विषय तेवढ्यावर मिटला.

सुनावणी संगणकाच्या पडद्यावर झाली, वीस मिनिटांची. मागणी आवळून त्या एका वाक्याभोवती बांधली होती. अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न खोदून विचारला, एकाआड एकच का, सगळ्यांना का नाही? वकील कागद चाळू लागले. त्यांच्या मागे बसलेल्या बाईंनी हळूच सांगितले, शेजारचे दोन थेंब पसरून एक झाले तर पुन्हा ओढ लागते. वकिलांनी ते इंग्रजीत सांगितले.

त्याआधी नावाच्या अर्जावर सही घ्यायला आम्ही गेलो होतो. बाईंनी तो उलटसुलट पाहिला. ‘‘ह्याचे पैसे मिळतात का, काका?’’

नाही, म्हणून आम्ही सांगितले. कलमाचा अर्थही सांगितला.

‘‘मग शेठना म्हणावे, निदान ह्या स्टुलाऐवजी पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्या.’’

खुर्ची आठ दिवसांत आली. पेटंट मंजूर झाल्याचे पत्र यायला आणखी चार महिने लागले. त्यात शोधकांची दोन नावे आहेत, बाईंचे दुसरे.