मोगलाईतला पणजा

भोकरच्या शाळेत आम्हाला इतिहास शिकवला तो इंग्रजांचा. प्लासी, सत्तावन्नचं बंड, टिळकांवरचा खटला, मिठाचा सत्याग्रह, चले जाव. दप्तर टाकून घरी आलं की आजी सांगायची ते मात्र निजामाचं आणि रजाकारांचं. तिच्या गोष्टींत गोरा साहेब कधी आलाच नाही. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे ना गुरुजींनी सांगितलं, ना आजीनं.

सप्टेंबर 2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघरी पत्र्याच्या पेट्या उघडल्या. एरवी सातबाराही धड न वाचणारी पोरं मोडी वाचणाऱ्यांचे, उर्दू जाणणाऱ्यांचे फोन नंबर एकमेकांना धाडू लागली. फसली, सेतवार, खासरा हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागले. आमच्या भावकीनंही कंबर कसली. आरक्षणाचा वाद त्याच्या जागी. तो मला इथं घालायचा नाही. त्या धांदलीत पेटीच्या तळाशी एक कागद निघाला, पणजाच्या नावाचा, आणि मी त्यातच अडकलो.

कागद चार घड्यांचा, घडीवर फाटलेला, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. मजकूर उर्दू. खाली मोडीत दोन ओळी आणि कुणाचीशी दस्तखत. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींकडे तो घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि बोट ठेवून वाचायला लागले. "सन तेराशे वीस फसली. म्हणजे पाचशे नव्वद मिळवा." एकोणीसशे दहा. "रकबा, साडेचौदा एकर." मग ते एका वेटोळ्या खुणेवर थांबले. "हा आकडा नाही काका, ही रक्कम आहे. पूर्वी पैसे असेच लिहायचे, सियाकमध्ये. सोळा रुपये आणि वर काही आणे. हाली सिक्का." भावकीला हवा होता तो जातीचा शब्द त्या कागदावर कुठंच नव्हता. आमचा पुतण्या उठून मोटरसायकलकडे गेला. मी बसून राहिलो.

कारण त्या एका पानावर दोन राज्यं होती. वर्ष फसली, भाषा उर्दू, नाणं निजामाचं. पण जमीन मोजलेली होती एकरात, आणि एकर काही दिल्लीच्या बादशहाचा नव्हे. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी 1865 ला जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत वाटणी केली, पुढच्या दशकात मराठवाड्यात मोजणी आणि बंदोबस्त सुरू झाला, तो शेजारच्या मुंबई इलाख्याचा नमुना समोर ठेवून. दगड रोवून सर्व्हे नंबर पाडायचे, माती बघून प्रत ठरवायची, प्रतीवर आकार बसवायचा. पणजाला माली पाटील ठाऊक, पटवारी ठाऊक, फार तर गिरदावर. तहसीलदार आला की गावात वेठीला माणसं धरायचे, एवढी त्याला सरकारची ओळख. आपल्या बांधावरचा दगड पुण्या-मुंबईकडच्या इंग्रजी मोजणीचा नातलग आहे, हे त्याला कोण सांगणार!

मराठवाड्यावर इंग्रजांचं राज्य नव्हतं, हे वाक्य आपण फार सहज म्हणतो. इंग्रज इथं होते, पण निजामाच्या आड. भोकरहून फार लांब नको, हदगावकडच्या नाव्ह्याला बघा. नोवसाजी नाईक या हटकर सरदारानं तिथं ठाण मांडलं, आणि जानेवारी 1819 मध्ये ती गढी पाडायला आली ती निजामाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतली फौज. ह्याच फौजेची, पुढच्या हैदराबाद कंटिंजंटची, छावणी हिंगोलीला होती. तिच्या खर्चाची बाकी तुंबली म्हणून 1853 च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि 1902 मध्ये वर्षाला पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्यानं दिलं गेलं. नोकरांचा पगार थकला म्हणून घराची ओसरी नोकरांच्या मुकादमालाच लिहून द्यावी, तसला हा व्यवहार. पैनगंगा ही सरहद्द झाली. अलीकडं निजामाची मोगलाई, पलीकडं इंग्रजी मुलूख.

पणजाच्या जन्माचं साल कुठं नाही. घरात काळ मोजायचे ते संकटांवरून: दुष्काळाआधी, मानमोडीनंतर, रजाकारांच्या साली. मोठ्या दुष्काळात त्याला मिसरूड फुटलं होतं म्हणत. म्हणजे 1899-1900. त्या दशकात हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 15 लाखांवरून 1 कोटी 11 लाखांवर आली. जन्मलेली धरूनही चार लाख कमीच. पाऊस कुणाच्या हातात नव्हता हे खरं. पण त्याच सुमाराला मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज रूळ नांदेडवरून गेले, म्हणजे धान्य हलवायची सोय त्याच काळात झाली. सोय झाली म्हणून खिशात पैसा नसलेल्याच्या कणगीत ज्वारी पडते, असं थोडंच आहे?

ह्या आगगाडीच्या हिशेबात पणजाचा धारा गेला असणार, असं मला फार वाटतं. निजामाची रेल्वे म्हणायची. कंपनी मात्र 1883 मध्ये लंडनला निघाली, आणि भांडवलावरच्या व्याजाची हमी संस्थानच्या तिजोरीनं घेतली. ह्या रेल्वेच्या प्रकरणात हैदराबादेत तोंड उघडणाऱ्या अघोरनाथ चट्टोपाध्यायांना, सरोजिनी नायडूंच्या वडिलांना, संस्थानाबाहेर काढलं. तिजोरी कशानं भरायची? सोळा रुपये आणि वर काही आण्यांनी.

भोकरवरून किनवटकडे जाणारा फाटा पुढे झाला. तोवर कापूस बैलगाडीनं सीताखांडीचा घाट उतरून नांदेडला न्यायचा, नाहीतर भैंशाच्या बाजारात. रात्रीच्या गाड्या, चार-पाच मिळून, रानाच्या भीतीनं. घाटात बैल बुजला तर जुवाला खांदा द्यायला माणसं लागत. हे आजोबांकडून ऐकलेलं. गाठ पडायची आडत्याशी. कापसाचा भाव मुंबईला ठरणार, मुंबईचा लिव्हरपूलकडे बघून, आणि तो कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयात. पणजाला पैसे हाली सिक्क्यात. सरकारी दर शंभर कलदारला 116 रुपये 10 आणे 8 पै. ही पै-पैची भागाकाराची कसरत अक्षरशत्रू माणसानं आडत्याच्या गादीसमोर उकिडवं बसून करायची! बट्टा कापून हातात पडेल ते घ्यायचं, मीठ-मिरची-धोतर घेऊन परतायचं. त्यानं आयुष्यात इंग्रज पाहिला नसेल. पण दर दिवाळीनंतर तो इंग्रजाला भेटत होता, त्या बट्ट्यात.

पहिलं महायुद्ध संपता संपता निजामाला ‘हिज एग्झॉल्टेड हायनेस’ ही पदवी मिळाली, युद्धाला हात सैल सोडून मदत केल्याबद्दल. तेच 1918 साल मानमोडीचं, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचं. आमच्या घरातली तीन माणसं त्यात गेली, असं आजी बोटांवर मोजून सांगायची.

पुतण्याला मी समजावलं की जातीचा शब्द नाही म्हणून कागद फुकट नाही. तो म्हणाला, "काका, तुमचा इतिहास जातीच्या व्हॅलिडिटीला चालत नाही." त्याचंही बरोबर आहे. त्याला फीची चिंता आहे, मला पणजाची. दोघंही एकाच पेटीवर वाकलो होतो इतकंच.

पण त्याला कामाचं काही असेलच तर ते पणजीकडं आहे. तिचं नाव ह्या पेटीतल्या एकाही कागदावर नाही. जमीन तिच्या नावावर नव्हती, म्हणून निजामाच्या दप्तरी ती जन्मलीच नाही. तिचं माहेर मात्र पैनगंगेपल्याड, उमरखेडकडचं. मोगलाईतल्या मुली वऱ्हाडात आणि वऱ्हाडातल्या मोगलाईत दिल्या-घेतल्या जात, नदीला कोण सरहद्द म्हणतो ह्याची सोयरिकीला फिकीर नसे. वऱ्हाडात इंग्रजांनी गावोगाव जन्ममृत्यूची नोंद ठेवली. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख. विदर्भात नोंदी भराभर सापडल्या आणि आमच्याकडं हात चोळत बसायची पाळी आली, त्याचं हे एक कारण. रक्ताच्या नात्यात बापाकडची बाजूच धरतात, तेव्हा तिच्या नोंदीचा पुतण्याला उपयोग नाही, असं एका वकिलानं सांगितलं आहे. तरी मी उमरखेडला जाणार आहे. तिच्या बापाचं नाव आणि गाव आजीनं सांगितलेलं माझ्याकडं लिहून आहे, साल अंदाजानं 1885 ते 1890 धरायचं, आणि तिथल्या वह्या मोडीत असल्या तर वाचायला माणूस नांदेडहूनच न्यावा लागेल.