उघड्या तोंडाची झोप

खानदेशात उन्हाळ्यात कुणी एकटं झोपत नसे. वैशाख लागला की जेवणं आटोपून अख्खी गल्ली धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, चढायची. दिवसभर तापलेल्या मातीवर तिन्हीसांजेलाच पाणी शिंपडून ठेवलेलं असे. त्यावर सतरंज्या, गोधड्या, कोपऱ्यात माठ, आणि डावी-उजवीकडच्या धाब्यांवर तसेच पसरलेले शेजारी. जळगाव-भुसावळचा मे ४५ अंशांच्या पुढे जातो. रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नाही. अशा रात्रींत कोण कसं झोपतं हे साऱ्या गल्लीला पाठ असे. अमक्यांचे नाना चढत्या सुरात घोरतात, तमक्यांची म्हातारी झोपेत शीळ घालते, आणि पलीकडचा पिठाच्या गिरणीवाला घोरता घोरता मध्येच गप्प होतो. त्या गप्प होण्याची आम्ही पोरं वाट बघायचो. कुणीतरी दबक्या आवाजात आकडे म्हणायचं. पंधरा, सोळा, सतरा, आणि मग एकदम हिसका देऊन गाडी सुरू! हसून आमची पोटं दुखायची. वडीलधारे दटावायचे, ‘झोपू द्या रे त्याला. दमलाय बिचारा. बघा किती गाढ झोप लागलीय.’

घोरणारा माणूस सुखी, ही आपल्याकडची पक्की समजूत. ज्याला अंथरुणाला पाठ लागताच घोरता येतं त्याचा हेवा करायचा, कर्ज-कटकट नाही म्हणून झोपतो असं म्हणायचं. गिरणीवाला त्या सतरा आकड्यांत गुदमरत होता, हे आमच्या गल्लीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पुढे धाबी गेली, स्लॅब आले. खिडकीत कूलर बसला, खोलीचं दार लागलं, आणि गल्लीभर वाटलं जाणारं घोरणं एकाच माणसाच्या वाट्याला आलं. आमच्या घरी ते हिच्या वाट्याला आलं. माझं बालपण कापसाच्या जिनिंगला लागून गेलेलं. नाक वर्षातले आठ महिने चोंदलेलं, त्यात मधला पडदा वाकडा. त्यामुळे श्वास घ्यायचा तो तोंडाने, ही माझी लहानपणापासूनची रीत. तोंड उघडं पडलं की खालचा जबडा मागे सरकतो, जीभ घशाकडे उतरते आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. हे सगळं मला डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं. हिला ते चित्राशिवाय माहीत होतं. आवाज थांबला की ती जागी व्हायची, कोपराने ढोसायची, ‘अहो, कुशीवर व्हा’ म्हणायची. मी कुशीवर व्हायचो, सकाळी मला त्यातलं काही आठवायचं नाही. दिवसभर मला पेंग यायची आणि तिची चिडचिड व्हायची. माझ्या पेंगेला वय हे कारण मिळालं, तिच्या चिडचिडीला स्वभाव.

१५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, आणि कारण म्हणून पेपरात स्लीप ॲप्निया हे नाव छापून आलं. तिने तो पेपर घडी करून माझ्या ताटाशेजारी ठेवला. बोलली काही नाही.

या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट मिटते. छाती ओढत राहते पण हवा आत शिरत नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदू माणसाला अर्धवट जागा करून वाट उघडतो, आणि पुन्हा तेच. दहा सेकंदांहून लांबलेलं असं प्रत्येक थांबणं किंवा अर्धवट अडणं मोजतात. तासाला पाचाच्या आत असेल तर चालतं, तीसच्या पुढे गेलं की आजार तीव्र. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली ती प्रसिद्ध केली. १९.५ टक्क्यांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास निघाला, ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसाची पेंगही. ही माणसं दवाखान्यात आली होती ती नेहमीच्या आरोग्य तपासणीला. म्हणजे बहुतेक स्वतःला धडधाकट समजणारी. मी तर त्यांच्याही पुढचा. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी लावून घरच्याच पलंगावर झोपलो, आणि अहवालात आकडा तीसच्या बराच वर निघाला. अहवाल चांगला जाडजूड होता. माझ्या नाडीचा, ऑक्सिजनचा, कुशी बदलण्याचा आलेख त्यात होता. शेजारच्या उशीवरच्या बाईची झोप किती वेळा मोडली याचा रकाना मात्र नव्हता.

मग मशीन आलं. सीपॅप. उशाशी मावेल एवढा डबा, त्याला नळी, नळीच्या टोकाला मास्क. डब्यातला पंखा हवा दाबाने घशात सोडत राहतो आणि त्या हवेच्या आधाराने वाट मिटत नाही. दाब मोजायचा पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये, साधारण चार ते वीस. दहाचा दाब म्हणजे दहा सेंटीमीटर खोल पाण्याच्या तळाशी असतो तेवढा. एवढंसं पाणी तर बादलीतही असतं, म्हणून मी जरा तुच्छतेनेच हसलो होतो.

मशीन बसवायला आलेला मुलगा चुणचुणीत होता. पहिल्यांदा नाकाचाच मास्क लावू म्हणाला; तो लहान, सुटसुटीत. हवा नाकातून शिरली आणि सरळ तोंडातून बाहेर पडली. पाटाला मध्येच भगदाड पडलं की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसं घशापर्यंत काही पोचेचना. ओठ फडफडायचे. जागेपणी दात-ओठ आवळून धरले की जमायचं. झोप लागली की तोंड आपल्या जुन्या वळणावर. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली, घशात काटे. मशीनच्या पडद्यावर गळतीचा आकडा लाल. शिवाय मास्कची वरच्या ओठावरची कड नेमकी मिशीवर बसायची आणि केसांमधून हवा सुसाट सुटायची.

‘सर, मिशी थोडी बारीक केली तर सील बसेल,’ मुलगा म्हणाला.

खानदेशात हे वाक्य कुणाला सांगायचं याचा त्याने थोडा विचार करायला हवा होता. मी नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने मिशीचा विषय सोडला आणि बॅगेतून एक पट्टा काढला. हनुवटीखालून घेऊन टाळूवर बांधायचा, म्हणजे जबडा खाली पडत नाही. मी तो बांधला, आरशाकडे निघालो, तोवर ही चहा घेऊन आत आली आणि दारातच थांबली. कप तसेच तिपाईवर ठेवून म्हणाली, ‘ते आधी सोडा.’

मुलगा समजावू लागला. ती ऐकून घ्यायला तयार नव्हती. त्या पोराला कळलं नाही, मला लगेच कळलं. आपल्याकडे माणूस गेला की तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारतात. तिने स्वतःच्या सासऱ्यांची ती गाठ मारलेली आहे. रोज रात्री दिवा मालवताना शेजारी तसा बांधलेला चेहरा बघायचा, हे कुठल्याही डॉक्टरने सांगितलं तरी तिच्याकडून होणार नव्हतं. पट्टा बॅगेत परत गेला.

शेवटी मोठा मास्क आला, नाकाच्या हाडापासून खालच्या ओठाच्या खालपर्यंत सगळं कवेत घेणारा. तोंड उघडं पडो की मिटो, दाब आतच राहतो. मिशीही सुखरूप आत. डॉक्टर मात्र फार खूश नव्हते. मोठ्या मास्कला कडा जास्त, म्हणजे गळायला जागा जास्त. शिवाय तो हनुवटीला मागे रेटतो, मग कधी दाबच वाढवावा लागतो. म्हणून त्यांनी नाकाचाही पिच्छा पुरवला. फवारा, मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं, आणि दुपारी टीव्ही बघताना मास्क लावून बसणं, जीव घाबरू नये म्हणून. हे शेवटचं सगळ्यांत अवघड गेलं. मास्कच्या आत आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. इतकी वर्षं जो न सांगता चालत होता त्याच्याकडे लक्ष गेलं की तो अडखळायला लागतो. बहिणाबाई चौधरींनी श्वासाबद्दल काय म्हणून ठेवलंय ते इथे शेंबड्या पोरालाही पाठ आहे, म्हणून परत सांगत नाही. त्यांचं माहेर आसोदं आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मास्क लावून बसलं की त्या बाईचा अधिकार कळतो.

आमच्या हवेत पाणी नसतंच. दाबाची कोरडी हवा रात्रभर घशात गेली तर तोंडाने श्वास घेणाऱ्याचं काही खरं नाही. म्हणून मशीनला पाण्याची टाकी असते, ते पाणी तापवून हवा ओलसर करतात. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. जळगावात डिस्टिल्ड वॉटर म्हटलं की पाय बॅटरीवाल्याकडे वळतात. दुकानदाराने विचारलं, ‘इन्व्हर्टर केवढ्याचा आहे?’ नाकासाठी पाहिजे म्हटल्यावर त्याने बाटली परत फळीवर ठेवली आणि मेडिकलचा रस्ता दाखवला. मेमध्ये ही टाकी पहाटेपर्यंत तळाला जाते. डिसेंबरात उलटं, नळी गार पडते, आतल्या वाफेचं पाणी होतं आणि मध्यरात्री नाकावर शिंतोडा येतो.

आणि लाईट. डीपी जळाली, तार तुटली, वादळ झालं, कारणाला तोटा नाही. मशीन बंद पडलं की मोठ्या मास्कची एक झडप आपोआप उघडते आणि खोलीतली हवा आत येते, तेव्हा गुदमरायची भीती नाही. पण घसा पुन्हा आपल्या मूळ धंद्याला मोकळा. आम्ही इन्व्हर्टर बसवला. ज्यांना तोही सोसत नाही त्यांचं काय, हा विचार मला रावेर-यावलकडे गेलं की येतो. तिथे थ्री फेज वीज कित्येकदा रात्री येते, म्हणून केळीला पाणी द्यायला माणूस बाराला उठतो. त्याची झोप विजेच्या वेळापत्रकाने आधीच मोडलेली. ती श्वासानेही मोडते का, हे तपासायला त्याच्या छातीला पट्टा कोण बांधणार?

हे मशीन निघालं ऑस्ट्रेलियात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून ते पहिल्यांदा एका रुग्णाला लावलं आणि १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं. तोवर तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडणं. त्याच ऑस्ट्रेलियातलं आदिवासींचं डिजेरिडू नावाचं लांबलचक फुंकवाद्य. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी मध्यम आजाराच्या काही लोकांना चार महिने ते वाजवायला लावलं, तर त्यांची पेंगही कमी झाली आणि श्वास अडणंही. हा अभ्यास २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, आणि २०१७ साली त्याला हसवून विचार करायला लावणारं इग नोबेलही मिळालं.

मला हसू आलं नाही, कारण मला पावरी आठवली. नोकरीच्या सुरुवातीला मी साक्री तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात होतो. मार्गशीर्षात तिथे कोकणा आणि भिल्ल मंडळी डोंगऱ्यादेव बसवतात, आणि रात्रभर पावरी वाजते. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या. शेकोटीच्या उजेडात मी वाजवणाऱ्याच्या अगदी शेजारी बसलो होतो. त्याचे गाल टम्म फुगलेले, मानेची शीर ताठ, नाकपुड्या हलताहेत. फुंक तोंडाने चालली आहे आणि त्याच क्षणी श्वास नाकाने आत येतो आहे. सूर कुठेच तुटत नाही. तो वाजवायचा थांबला तेव्हा मी विचारलं, हे कसं जमतं? तो म्हणाला, लहानपणापासून. तोंडाचं काम तोंडाला आणि नाकाचं काम नाकाला नेमून दिलेला असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मशीन परत करून भोपळा आणावा इतकं ते सोपं नाही, हे मला कळतं. तरी एखाद्या डॉक्टरने त्या डोंगरात जाऊन पावरीवाल्यांचे घसे तपासावेत असं मला फार वाटतं.

पुढे नाक मोकळं होत गेलं, तसं तोंड कमी उघडू लागलं. हे मला कळलं नाही, हिने सांगितलं. म्हणजे ती तेव्हाही जागीच होती. वर्षानुवर्षांची पाळत मशीन आलं म्हणून एका रात्रीत सुटत नाही. तिला रात्रभर सलग झोप लागायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मागच्या लग्नसराईत धुळ्याला आक्काच्या मुलाच्या लग्नाला गेलो. पाहुणे फार, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये ओळीने गाद्या. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी रेटून खाल्ल्यावर मी भिंतीकडच्या प्लगजवळची जागा धरली आणि मास्क चढवला. पोरांचा गराडा पडला. पोरांच्या मागे आक्काचे दीर, आप्पा, येऊन उभे राहिले. आप्पांनी उभी हयात ट्रक चालवला. धुळ्यात आग्रा रोड आणि सुरत-नागपूरचा रस्ता एकमेकांना छेदतात. त्या चौफुलीवरून चारी दिशांना त्यांच्या रात्री गेल्या. चाकावर डुलकी लागायची तेव्हा क्लीनर हाका मारायचा, हे ते अभिमानाने सांगतात. बायको गेल्यापासून ते वरच्या खोलीत एकटे झोपतात.

‘मी बी घोरस,’ आप्पा म्हणाले.

‘मध्ये थांबता का?’ हिने विचारलं.

आप्पांना उत्तर देता येईना. कोण सांगणार त्यांना? हिने काही न बोलता त्यांची गादी ओढून आमच्याजवळ घेतली. मी मास्क लावून झोपलो. सकाळी नळावर दात घासताना ती आप्पांना सांगत होती, किती वेळा थांबले, किती लांब थांबले, एकदा तर तिने उठून हलवलं. आप्पा खाली मान घालून ऐकत होते. मग माझ्याकडे वळले.

‘सर, कितलाले पडनं हाई?’

चाळीस-पन्नास हजार, मी म्हटलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला : सहा-सात क्विंटल कापूस. बराच वेळ गेला. हात त्यांच्या भरघोस पांढऱ्या मिशीवर गेला.

‘आनि मिशा काढन्या पडतीन का?’