दुकान वाढविण्याची वेळ

व्यापारी घरांत ‘दुकान बंद केले’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘दुकान वाढविले’ असे म्हणतात. बंद हा शब्द अशुभ, म्हणून तो टाळायचा, एवढाच त्यामागचा संकेत. परंतु या शब्दात एक शहाणपणही दडलेले आहे. दिवसाचा व्यवहार कोठेतरी थांबतो, गल्ला मोजला जातो, रोजमेळ लिहिला जातो, म्हणून दुसऱ्या दिवशीचा व्यवहार नीट सुरू होतो. थांबणे हा धंद्याचाच एक भाग आहे.

सांगलीतील एका किराणा दुकानात लहानाचा मोठा झालेल्या मुलाला हे वेगळे शिकवावे लागले नव्हते. रात्री साडेआठला अण्णा शटर अर्धे खाली ओढत. उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला ते परत पाठवीत नसत. पण त्याला हवी ती वस्तू देऊन मोकळे होत, नवा माल दाखवायला बसत नसत. रोजमेळ जुळला की दिवा मालवायचा आणि घरी यायचे. घरी जेवताना दुकानाचा विषय निघत नसे.

मुलगा पुढे अभियंता झाला आणि पुण्यात एका स्टार्टअपमध्ये रुजू झाला. वीस माणसांची कंपनी. पाककृतींच्या छोट्या चित्रफिती दाखविणारे अ‍ॅप हे तिचे उत्पादन. लोक अ‍ॅपमध्ये किती मिनिटे रमतात, तो आकडा वाढविणे हे त्याचे काम होते. दर सोमवारी तो आकडा सर्वांसमोर मांडला जाई. वाढला की पाठीवर थाप पडे. घटला की रात्री जागवाव्या लागत. काम तो मनापासून करी, आणि त्यात त्याला गतीही होती.

ज्या युक्तीवर त्याचे अ‍ॅप चाले, तिचा इतिहास फार जुना नाही. पूर्वी संगणकावर एक पान संपले की ‘पुढील पान’ हे बटण दाबावे लागे. 2006 मध्ये अझा रास्किन या अमेरिकी तरुणाने अशी रचना केली की वाचक तळाशी पोहोचण्याआधीच पुढचा मजकूर खाली येऊन जोडला जावा. हीच ‘इन्फिनिट स्क्रोल’ची पद्धत. अझाचे वडील जेफ रास्किन यांनी 1979 मध्ये अ‍ॅपल कंपनीत मॅकिन्टॉश संगणकाचा प्रकल्प सुरू केला होता. माणसाला सोपे पडेल असे यंत्र घडविणे हा वडिलांप्रमाणे मुलाचाही ध्यास. हेतू एवढाच, की वाचकाचा एक खटाटोप वाचावा. मात्र त्या बटणापाशी माणूस क्षणभर थांबत असे, ‘आता पुरे’ असे मनाशी म्हणत असे. बटण गेले, तसा तो क्षणही गेला. या शोधाबद्दल पुढे अझाने स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली.

भारतात या रचनेला मोकळे रान मिळाले ते 2016 नंतर. त्या वर्षी जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. टिकटॉकवर 2020 च्या जूनअखेर बंदी आली, तेव्हा त्याच वर्षी इन्स्टाग्रामने रील्स आणि यूट्यूबने शॉर्ट्स भारतात आणले. अखंड चालणारी ही चित्रमालिका घराघरांतील ज्येष्ठांच्या हाती पोहोचली.

अण्णांनी दुकान धाकट्या मुलाकडे सोपविले होते. दिवाळीला थोरला घरी आला, तेव्हा एका रात्री एक वाजता त्याला दिवाणखान्यात मोबाइलचा उजेड दिसला. अण्णा आरामखुर्चीत बसून पडद्यावर अंगठा वर सरकवीत होते.

“अण्णा, अजून झोपला नाहीत?”

“अरे, एक संपलं की दुसरं आपोआप लागतंय. थांबायचं कुठं, तेच कळंना बघ.”

त्यात तक्रार नव्हती, थोडे नवल होते. अ‍ॅपही मुलाच्या कंपनीचे नव्हते. तरीही अंगठ्याची ती हालचाल त्याच्या पूर्ण ओळखीची होती. कार्यालयात तिलाच यश म्हणत. चाळीस वर्षे ज्या माणसाने शटर ओढायची वेळ चुकविली नाही, त्याला आज थांबण्याची जागा सापडत नव्हती, आणि ती जागा पुसून टाकणे हाच मुलाचा व्यवसाय होता.

पुण्यास परतल्यावर त्याने बैठकीत एक सूचना मांडली. दिवसभराच्या नव्या पाककृती पाहून झाल्या की ‘आजचे एवढेच’ अशी पाटी यावी; ज्याला आणखी पाहायचे असेल त्याने बटण दाबावे. कल्पना अगदीच नवखी नव्हती. नव्या सर्व नोंदी पाहून झाल्याची खूण इन्स्टाग्रामनेही 2018 मध्ये दाखवायला सुरुवात केली होती. सहकाऱ्यांनी हरकत घेतली. गुंतवणूकदार मिनिटेच पाहतात. पुढचा हप्ता त्यांनी रोखला तर वीस घरांच्या पगाराचे काय? हा प्रश्न खोटा नव्हता, आणि त्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

अखेर काही वापरकर्त्यांपुरता प्रयोग ठरला. मिनिटे घटली, हे अपेक्षितच होते. ‘आज करून पाहिले’ म्हणून पदार्थाचे छायाचित्र पाठविणारे मात्र थोडे वाढले. कंपनीने मधला मार्ग काढला: पाटी ठेवायची, पण रात्री अकरानंतरच. त्याचे पूर्ण समाधान झाले नाही. तरी जी पाटी कालपर्यंत नव्हती ती आज होती, आणि रात्री उशिरा मोबाइल पाहणाऱ्या कुणा अनोळखी घरात ती दिसणार होती.

यंत्राला झोप नाही आणि त्याला गिऱ्हाइकाचा कंटाळाही येत नाही. म्हणून त्याला मर्यादा घालण्याची जबाबदारी दोघांची: ते घडविणाऱ्याची आणि ते हाती धरणाऱ्याची. घडविणाऱ्याला त्यासाठी कधी नफ्यातील वाटा सोडावा लागेल. वापरणाऱ्याला मात्र फार काही सोडावे लागत नाही. रात्रीच्या जेवणापूर्वी घरातील सगळे मोबाइल स्वयंपाकघरातील एकाच फळीवर ठेवायचे आणि सकाळीच उचलायचे, एवढा नियम पुरतो. पहिले काही दिवस हात चाळवतात. मग जेवणाच्या ताटाभोवती बोलणे पुन्हा सुरू होते.